अनरेडमधून डिस्क काढल्यावर पॅरिटी चेकमध्ये लाखो एरर: रिकामी डिस्क म्हणजे शून्य डिस्क नव्हे

अनरेड ही घरच्या सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम. ती अनेक डिस्कचा एक गट बनवते, त्याला ॲरे म्हणतात; पॅरिटी ही त्यातली हिशोबाची डिस्क, जिच्यावरून बिघडलेली डिस्क पुन्हा भरता येते. डिस्क काढताना चूक झाली तर लक्षण बहुतेक वेळा हेच असतं. ॲरेमधली जुनी डिस्क रिकामी केली, न्यू कॉन्फिग (डिस्कची मांडणी नव्याने ठरवायची सोय) चालवलं, 'पॅरिटी इज ऑलरेडी व्हॅलिड' या चौकोनात टिक केली आणि ॲरे बिनतक्रार सुरू झाला. शेअर (नेटवर्कवरचे फोल्डर) दिसतात, सिनेमे चालतात, फोटो उघडतात. मग महिन्याचा पॅरिटी चेक लागतो आणि दहा मिनिटांत सिंक एररचा, म्हणजे पॅरिटीशी न जुळणाऱ्या जागांचा, आकडा लाखांच्या घरात जातो.

एरर दिसतात त्या दिवशी नुकसान होत नाही. ते होऊ शकतं मधल्या महिन्याभरात. त्या काळात दुसरी एखादी डिस्क गेली असती, तर चुकीच्या पॅरिटीवरून तिची पुनर्बांधणी कचरा भरूनच झाली असती, आणि स्क्रीनवरचा हिरवा ठिपका शेवटपर्यंत हिरवाच राहिला असता.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. जुनी डिस्क काढून त्याच जागी तेवढीच किंवा मोठी डिस्क लावायची असेल, तर यातलं काहीच करायचं नाही. ॲरे थांबवा, त्या स्लॉटला (ॲरेमधल्या जागेला) नवी डिस्क द्या, पॅरिटीवरून ती भरू द्या. खालचा खटाटोप डिस्कची संख्या कमी करायची असेल तेव्हाचा. आज्ञा आणि मार्ग इथे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे. उदाहरणासाठी धरू: पॅरिटी ८ टीबी, काढायची डिस्क ४ टीबी, स्लॉट ५.

एरर येतात कुठून

पॅरिटीला फायली, फोल्डर, फाइल सिस्टीम यांतलं काही कळत नाही. तिला फक्त बिट कळतात. समजा तीन डेटा डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ आहेत. एकूण बेरीज सम हवी, म्हणून पॅरिटीवर त्या जागी ०. आता तिसरी डिस्क उपटून बाजूला ठेवली. उरले १ आणि ०, पॅरिटी मात्र तिच्या जागी ० च धरून बसलेली. बेरीज विषम झाली, म्हणजे एक सिंक एरर. तिसऱ्या डिस्कवर त्या जागी ० असतं, तर ती असली काय नि नसली काय, हिशोबाला धक्का लागला नसता.

फाइल डिलीट केली की तिची नोंद जाते, बिट तिथेच राहतात. फॉरमॅट केलं तरी तेच, वर फाइल सिस्टीमचा स्वतःचा संसार डिस्कवर मांडला जातो. नुकत्याच फॉरमॅट केलेल्या ४ टीबीच्या एक्सएफएस (एक फाइल सिस्टीम) डिस्कवर सुमारे २८ जीबी वापरलेली दिसते, म्हणजे टीबीमागे साधारण ७ जीबी. 'सगळं हलवलं तरी २८ जीबी कसली?' म्हणून अनेकजण फायली शोधत बसतात. शोधू नका, ती जागा फाइल सिस्टीमने स्वतःसाठी धरलेली आहे.

तेव्हा डिस्क काढायचे मार्ग दोनच. पहिला: डेटा हलवा, डिस्क काढा, पॅरिटी नव्याने बांधा, या मार्गात त्या चौकोनात टिक करायचीच नाही. दुसरा: डेटा हलवा, ॲरेमध्ये असतानाच डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य लिहा, मग काढा आणि टिक करा. एररची रांग लागते ती पहिल्या मार्गाने निघून शेवटी दुसऱ्या मार्गाची टिक केल्यामुळे.

कोणता मार्ग घ्यावा

उरलेल्या डिस्क निरोगी असतील आणि महत्त्वाच्या डेटाचा बॅकअप वेगळा असेल, तर पहिलाच मार्ग घ्या. तो सोपा आहे, आणि काढलेल्या डिस्कवर जुना डेटा जसाच्या तसा राहतो. नवी पॅरिटी तपासून होईपर्यंत ती डिस्क कपाटात एक फुकटची प्रत म्हणून पडून राहते. तोटा एवढाच की पॅरिटी बांधली जात असताना ॲरेला संरक्षण नसतं. ८ टीबीच्या पॅरिटीला सरासरी १३० एमबी प्रतिसेकंद वेग धरला तर सतरा तास.

दुसऱ्या मार्गात पॅरिटी एक क्षणही खोटी पडत नाही. उरलेल्यांपैकी एखादी डिस्क वयस्कर असेल, बॅकअप अपुरा असेल, तर हा बरा. पण यात तुम्ही हाताने अख्खी डिस्क पुसणार आहात. एक आकडा चुकला की शेजारची डिस्क साफ.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी

आधी पॅरिटी चेक, पण 'राईट करेक्शन्स टू पॅरिटी'ची टिक काढून. निकाल शून्य हवा. आधीच एरर असतील तर डिस्क काढण्याचा बेत पुढे ढकला, कारण नंतर कोणती एरर जुनी आणि कोणती तुमच्या हातची हे सांगता येणार नाही.

मग प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांची मूल्यं शून्य असावीत. खासकरून १९७, म्हणजे वाचता न आल्याने रांगेत ठेवलेले सेक्टर. १९९ क्रमांक वेगळा: तो केबलमधल्या चुका मोजतो आणि कधीच शून्यावर परत येत नाही. म्हणून सगळ्या डिस्कचे आत्ताचे १९९चे आकडे कागदावर लिहून ठेवा. शेवटी लागणार आहेत.

बूट होणाऱ्या पेनड्राइव्हचा बॅकअप डाउनलोड करा. मेन पानाचा स्क्रीनशॉट काढा, तोही फोनवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर. सर्व्हरवरच ठेवलेला स्क्रीनशॉट अडचणीच्या वेळी उघडणार कसा? त्यात प्रत्येक स्लॉटसमोरचा पूर्ण सिरियल क्रमांक दिसला पाहिजे. एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलतात, त्यांच्यावर विसंबू नका.

आता शेअर. यातला एक फरक बऱ्याचदा नजरेतून सुटतो. एखाद्या शेअरच्या सेटिंगमध्ये डिस्क ५ वगळली तर फक्त नवं लिखाण तिकडे जात नाही; आधीच्या फायली दिसत राहतात. ग्लोबल शेअर सेटिंग्जमध्ये वगळली तर त्या डिस्कवरच्या फायली शेअरमधून दिसेनाशाच होतात. म्हणून डेटा हलवण्याआधी शेअर पातळीवर वगळा. हलवून झाल्यावर ॲरे थांबवून ग्लोबल पातळीवर वगळा आणि घरातल्या टीव्हीवर, फोनवर सगळं पूर्वीसारखं दिसतं का ते पाहा. कुणी 'तो फोल्डर कुठे गेला?' असं विचारलं, तर काहीतरी मागे राहिलं आहे, आणि ते अजून परत आणता येतं.

डॉकर (कंटेनरमध्ये ॲप चालवणारी सेवा) आणि व्हीएम (आभासी कॉम्प्युटर) ही दोन्ही सेटिंग्जमधून पूर्ण बंद करा. नुसते कंटेनर थांबवून भागत नाही, कारण डॉकरची इमेज फाइल सेवा चालू असेपर्यंत उघडीच असते. ती डिस्क ५ वर असेल तर कॉपी अर्धवट होईल. कंटेनरच्या टेम्प्लेटमध्ये कुठे थेट डिस्क ५चा मार्ग लिहिला आहे का, तेही पाहून घ्या. मूव्हरचं, म्हणजे कॅश डिस्कवरच्या फायली ॲरेत हलवणाऱ्या कामाचं, वेळापत्रकही पुढे ढकला, नाहीतर रात्री तो कॅशमधल्या फायली आणून टाकेल.

डेटा हलवताना

नियम एकच, पण तो कडक आहे: डिस्कवरून डिस्कवर. एका बाजूला डिस्कचा मार्ग आणि दुसऱ्या बाजूला यूजर शेअरचा मार्ग असं मिश्रण कधीही करू नका. यूजर शेअर म्हणजे सगळ्या डिस्कचं एकत्र दिसणारं चित्र. डिस्क ५ वरची फाइल यूजर शेअरमध्ये 'पेस्ट' करायला गेलात, तर लक्ष्य म्हणून तीच फाइल समोर येऊ शकते. कॉपी करणारा प्रोग्राम लक्ष्य फाइल आधी शून्य लांबीची करतो आणि मग मूळ वाचायला जातो. मूळ म्हणजे तीच. फाइलचं नाव राहतं, आत काही नाही.

टर्मिनलमध्ये, कॉपी करणाऱ्या आरसिंक आज्ञेने:

आरसिंक -एव्हीएक्स /एमएनटी/डिस्क५/ /एमएनटी/डिस्क३/

यातला एक्स कॅपिटल. पहिल्या मार्गाच्या शेवटचा स्लॅश विसरलात तर डिस्क ३ वर 'डिस्क५' नावाचा फोल्डर तयार होईल आणि तो नवा शेअर म्हणून झळकू लागेल. बॅकअप सॉफ्टवेअरने हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक नावं) वापरल्या असतील तर कॅपिटल एचही जोडा. नाहीतर एकाच फाइलच्या दहा प्रती होऊन लक्ष्य डिस्क भरेल.

सगळं एका डिस्कवर मावत नसेल तर शेअरप्रमाणे वाटा: सिनेमे डिस्क ३ वर, फोटो डिस्क ४ वर. टर्मिनल नको असेल तर अनबॅलन्स्ड (पूर्वीचं नाव अनबॅलन्स) प्लगइनमधला 'स्कॅटर' हेच काम करतो. आतून तोही आरसिंकच चालवतो.

कॉपी झाल्यावर पडताळणी:

आरसिंक -आरसीएनव्ही /एमएनटी/डिस्क५/ /एमएनटी/डिस्क३/

हा नुसता सराव आहे, काही लिहीत नाही. प्रत्येक फाइल दोन्हीकडे पूर्ण वाचून ताळा करतो. वेळ जातो, जाऊ द्या. शेवटच्या गोषवाऱ्यापूर्वी एकाही फाइलचं नाव आलं नाही, म्हणजे जुळलं. शेअर वाटले असतील तर ही आज्ञा प्रत्येक शेअरला वेगळी.

पहिला मार्ग घेणारे इथून थेट न्यू कॉन्फिगच्या भागाकडे जाऊ शकतात.

शून्य लिहिताना

सगळ्यात महाग चूक इथे होते: डिस्कला तिच्या एसडी नावाने शून्य करणं. तसं केलं तर लिखाण ॲरेच्या पाठीमागून होतं, पॅरिटीला त्याचा पत्ताच लागत नाही. डिस्क शून्य होते, पॅरिटी जुन्याच बिटांचा हिशोब धरून बसते, आणि मेहनत करूनही लाखो एरर पदरात पडतात. शून्य लिहायचे ते एमडी नावाच्या उपकरणावर, म्हणजे ॲरेमधून जाणाऱ्या वाटेवर. ६.१२ आवृत्तीपासून त्याचं नाव एमडी५पी१ असं आहे. त्याआधी नुसतं एमडी५ होतं. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर गोष्ट वेगळी: मॅपरमधल्या, म्हणजे एन्क्रिप्शनच्या थरातल्या, नावावर शून्य लिहिले तर खाली डिस्कवर सांकेतिक कचराच उमटतो, तेव्हा तिथेही एमडी नावच वापरायचं.

आधी अनमाउंट: यूमाउंट /एमएनटी/डिस्क५. 'टार्गेट इज बिझी' आलं तर एलएसओएफ (उघड्या फायली दाखवणारी आज्ञा) चालवून कोण अडकलंय ते पाहा. बहुतेकदा अडकलेले आपणच असतो: तेच टर्मिनल डिस्क ५ च्या फोल्डरमध्ये उभं असतं. सीडी (फोल्डर बदलण्याची आज्ञा) करून बाहेर या. माउंट असलेल्या डिस्कवर शून्य लिहू नका. फाइल सिस्टीम बंद होताना आपला जर्नल आणि सुपरब्लॉक (स्वतःच्या कारभाराच्या नोंदी) पुन्हा लिहू शकते, आणि पुसलेल्या पाटीवर चार रेघा उमटतात.

सेटिंग्जमधल्या डिस्क सेटिंग्जमध्ये लिहिण्याची पद्धत 'रीकन्स्ट्रक्ट राईट' करा. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक लिखाणाला जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचायची, मग त्याच जागा परत फिरून येईपर्यंत थांबून लिहायचं; वेग ५० एमबीच्या आसपास, म्हणजे ४ टीबीला बावीस तास. रीकन्स्ट्रक्टमध्ये बाकीच्या डिस्क वाचून पॅरिटी नव्याने काढली जाते. १२० एमबी मिळाले तर साडेनऊ तासांत काम संपतं. बदल्यात सगळ्या डिस्क एकदम फिरतात आणि तापतात. मे महिन्यात विदर्भातल्या घरात हे दुपारी सुरू करू नका. रात्री लावा आणि कॅबिनेटसमोर पंखा ठेवा. मूळ सेटिंगनुसार ४५ अंशांना इशारा येतो, ५५ला गंभीर इशारा.

मग टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये, म्हणजे ब्राउझरचा टॅब बंद झाला तरी काम चालू राहील असं, बाइट कॉपी करणाऱ्या डीडी आज्ञेने:

डीडी आयएफ=/डेव्ह/झिरो ओएफ=/डेव्ह/एमडी५पी१ बीएस=१एम स्टेटस=प्रोग्रेस

एंटर दाबण्याआधी ओएफच्या पुढचा आकडा बोट ठेवून वाचा.

शेवटी डीडी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणून थांबेल. ही एरर नाही, डिस्कचं टोक आलं एवढाच अर्थ. पण इथेच एक फसवा जुळा भाऊ लपलेला आहे. ६.१२ किंवा पुढच्या आवृत्तीवर जुनं नाव, नुसतं एमडी५, टाइप केलं तर तसं उपकरण अस्तित्वातच नसतं. डीडी मग डेव्ह फोल्डरमध्ये त्या नावाची साधी फाइल तयार करतो. हा फोल्डर रॅममध्ये असतो, क्षणात भरतो, आणि संदेश अक्षरशः तोच येतो: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. फरक फक्त कॉपी झालेल्या बाइटच्या आकड्यात. ४ टीबीसाठी तो तेरा अंकी हवा, सुमारे ४ लाख कोटी. काम दोन सेकंदांत 'झालं' असेल तर काहीच झालेलं नाही. ती फाइल पुसा आणि बरोबर नावाने पुन्हा सुरू करा. डिस्क साफ करायची जुनी स्क्रिप्ट, तीच जिच्यासाठी डिस्कवर 'क्लिअर-मी' फोल्डर ठेवावा लागतो, तीही जुन्याच नावावर बेतलेली आहे. नव्या आवृत्तीवर ती तशीच चालवू नका.

वीज गेली तर घाबरू नका. लिखाण एमडीतून चाललं होतं, त्यामुळे पॅरिटी तिथपर्यंत सोबतच आलेली असते. सर्व्हर चालू झाल्यावर आपोआप लागणारा पॅरिटी चेक पूर्ण होऊ द्या आणि डीडी पहिल्यापासून लावा. सर्व्हर घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर मागचा खटका 'यूपीएस' मोडवर आहे का पाहा. दुसऱ्या मोडमध्ये अदलाबदलीला इतका वेळ लागतो की पंख्याला कळतही नाही, पण सर्व्हर रीबूट होतो.

खात्री करायची असेल, आणि करावीच, तर दोन्हीकडचे बाइट ताडणारी सीएमपी आज्ञा:

सीएमपी /डेव्ह/एमडी५पी१ /डेव्ह/झिरो

सात-आठ तासांनी 'ईओएफ ऑन एमडी५पी१' आलं की डिस्क पूर्ण शून्य. 'डिफर' आणि बाइटचा क्रमांक आला, तर त्या ठिकाणी काहीतरी शिल्लक आहे.

न्यू कॉन्फिग

ॲरे थांबवा. टूल्समध्ये न्यू कॉन्फिग, 'प्रिझर्व्ह करंट असाइनमेंट्स' मध्ये 'ऑल', होकाराची टिक, अप्लाय. मेन पानावर येऊन स्लॉट ५ मोकळा करा. बाकी प्रत्येक स्लॉटचा सिरियल क्रमांक स्क्रीनशॉटशी जुळवा, पॅरिटीचा दोनदा. डेटा डिस्क चुकून पॅरिटीच्या जागी गेली तर ॲरे सुरू होताच ती वरून लिहिली जाईल.

मोकळा स्लॉट बोचतो म्हणून ६वी डिस्क ५ वर सरकवायचा मोह होतो. एकच पॅरिटी असेल तर चालतं. बेरजेत क्रमाला महत्त्व नसतं. दुसरी पॅरिटी असेल तर मुळीच सरकवू नका, तिच्या गणितात प्रत्येक स्लॉटला वेगळं वजन आहे. शून्य डिस्क काढल्याने तिला फरक पडत नाही, पण जागा बदलल्या की ती पूर्ण खोटी ठरते.

दुसऱ्या मार्गाने आला असाल तर 'पॅरिटी इज ऑलरेडी व्हॅलिड'ला टिक. पहिल्या मार्गाने आला असाल तर टिक नाही. मग स्टार्ट. टिक केली असेल तर लगेच, करेक्शन बंद ठेवून, पॅरिटी चेक. महिन्याच्या चेकची वाट पाहू नका.

तरीही एरर आल्याच तर

सिस्टीम लॉगमध्ये पहिल्या १०० एररचे सेक्टर क्रमांक मिळतात, त्यावरून बरंच कळतं. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे ४ टीबीच्या डिस्कचा शेवट सुमारे ७८१ कोटींच्या सेक्टरला येतो. त्यापुढे एरर असतील तर काढलेल्या डिस्कचा त्यांच्याशी काही संबंध असूच शकत नाही. दोष दुसरीकडे शोधा.

सुरुवातीपासून सलग आणि वेगाने वाढत असतील तर डिस्क शून्य झालीच नव्हती, किंवा एसडी नावाने झाली. बराच वेळ स्वच्छ जाऊन एका ठिकाणापासून पुढे रांग लागली तर डीडी मध्येच थांबला होता. मोजक्याच, विखुरलेल्या असतील तर माउंट असताना शून्य लिहिले गेले का ते आठवा, आणि १९९चे आकडे कागदाशी ताडून पाहा. एखाद्या डिस्कचा आकडा वाढला असेल तर डिस्क काढताना शेजारच्या साटा केबलला धक्का लागला आहे. सर्व्हर बंद करा, दोन्ही टोकं काढून पुन्हा बसवा. आकडा तरीही चढला तर केबल बदला. केबल ठीक होईपर्यंत करेक्शन चालू करून चेक चालवू नका, नाहीतर चुकीचं वाचन पॅरिटीत पक्कं होईल.

पहिल्या दोन प्रकारांत फायली सुखरूप असतात, बिघडलेली असते ती पॅरिटी. ॲरे थांबवून पॅरिटी डिस्क असाइनमेंटमधून काढा, ॲरे एकदा सुरू करून पुन्हा थांबवा, पॅरिटी परत लावा आणि नव्याने बांधू द्या.

चेक शून्यावर आला की ग्लोबल शेअर सेटिंग्जमधली वगळलेली डिस्क ५ काढून टाका आणि प्रत्येक शेअरची 'इन्क्लूड' यादी उघडून बघा. एखाद्या शेअरला फक्त डिस्क ५ च नेमून दिली असेल, तर बाकीच्या डिस्कवर हवी तेवढी जागा असूनही तो शेअर 'जागा नाही' असंच म्हणत राहील.